सर्व्हर बदला, पत्ता नको

वेबसाइट एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे हलवणं पुण्या-मुंबईत रोजचं काम आहे. कळंबसारख्या तालुक्याच्या गावात ते निघतं तेव्हा त्या साइटबरोबर गावाचे कागद, फोटो आणि आठवणीही जागा बदलत असतात. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

यवतमाळहून वीस-बावीस किलोमीटरवर आमचं गाव. इथं दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळी गल्ली त्यांना मामाजी म्हणते. त्यांनी गावाबद्दलची एक साइट स्वतःच्या खर्चानं चालवली आहे. चिंतामणीचं देऊळ, रस्त्याच्या पातळीखाली उतरत जाणाऱ्या त्याच्या पायऱ्या, गणेशकुंड, चक्रावती नदी, कापसाच्या हंगामातल्या आठवणी, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाची वर्षानुवर्षं जपलेली कात्रणं आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा-कळंब टप्प्यावर पहिली प्रवासी गाडी सुटली त्या दिवसाचे फोटो, असं सगळं त्या साइटवर आहे.

यंदा होस्टिंगच्या नूतनीकरणाचं बिल आलं ते पहिल्या वर्षीच्या कितीतरी पट. पानं उघडायला वेळ लागत होता, तक्रारीला उत्तर येत नव्हतं. मामाजींनी साइट हलवायचं ठरवलं. त्यांची भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती सुटीत आली आणि दोघांचं जुंपलं. मी शेजारी बसून ऐकलं. दोघांच्या परवानगीनं ते बोलणं इथं देतो आहे. जिथं मला राहवलं नाही तिथं माझंही मत घातलं आहे.

भाची: मामाजी, तुम्ही सगळंच्या सगळं उचलून न्यायला निघालात. काहून? रोज लोक वाचतात ती तीस-चाळीस पानं. तेवढी घ्या, नव्या मांडणीत नीट बसवा, बाकीचं एका फाइलीत बांधून ठेवून द्या. नाहीतर सरळ फेसबुकवर पान काढा. बिल नाही, सर्व्हर नाही, कटकट नाही.

मामाजी: रोज वाचतात ती पानं महत्त्वाची, हे कोणी ठरवलं? मागं एका माणसानं नागपूरहून फोन केला. त्याचे आजोबा इथल्या जिनिंगमध्ये कामाला होते, त्यांचं नाव त्याला माझ्या एका जुन्या पानावर सापडलं. ते पान वर्षभरात कोणी उघडलं नसेल. पण त्या माणसाला माझी अख्खी साइट म्हणजे तेवढं एक पान. आणि फेसबुकचं म्हणशील तर मागच्या वर्षीची एक पोस्ट शोधून दाखव मला. बस शोधत.

भाची: पण मोठ्या कंपनीकडं ठेवलं की निदान सुरक्षित तरी राहतं.

इथं मला मध्ये बोलावं लागलं. मायस्पेस ही एके काळची जगातली मोठी कंपनी. लाखो गायक-वादकांनी आपली गाणी तिच्याकडं ठेवली होती. २०१९ च्या मार्चमध्ये जगाला कळलं की २००३ ते २०१५ या काळात तिथं चढवलेलं संगीत गेलं. अंदाज पाच कोटी गाण्यांचा होता. त्यातली पाच लाखांच्या आसपास गाणी पुढं इंटरनेट आर्काइव्हवर आली, तीही एका संशोधक गटानं आधीच उतरवून ठेवली होती म्हणून. बाकीची कायमची गेली.

भाची: आणि ती कशी गेली तेही सांगा ना. कंपनीनं स्वतः कबूल केलं, सर्व्हर हलवताना गेली. मी तेच म्हणते आहे, मामाजी. हलवण्यातच धोका आहे. जितकं कमी हलवाल तितका कमी.

मामाजी: असं म्हणू नको. २०२१ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं. मी पेपरात वाचलं होतं. तिथल्या लोकांनी कुठं काय हलवलं होतं? जागच्या जागी बसले होते. तरी लाखो साइट बंद पडल्या.

हे उत्तर बिनतोड होतं. १० मार्च २०२१ च्या त्या आगीत एक पूर्ण इमारत खाक झाली. ज्यांनी बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजले होते अशा काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात ठेवलेल्या निघाल्या. पुढं प्रकरण न्यायालयात गेलं आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. पण न्यायालय पैसे देऊ शकतं. गेलेली पानं देऊ शकत नाही.

भाची: बरं, मग मला सांगा, तुमच्याकडं प्रत आहे?

मामाजी: आहे की. पॅनेलमध्ये बॅकअपचं बटण आहे, दर महिन्याला दाबतो.

भाची: ती फाइल कुठं जाते?

मामाजी थांबले. ती फाइल त्याच सर्व्हरवर, साइटच्या शेजारच्या फोल्डरमध्ये जात होती. साइट गेली असती तर तिच्यासोबत तीही गेली असती. आणखी एक गोष्ट त्यांना तेव्हाच कळली. वर्डप्रेससारख्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या साइटचे दोन भाग असतात. फोटो आणि सॉफ्टवेअर फाइलींमध्ये असतं, पण लिहिलेला मजकूर डेटाबेसमध्ये असतो. मामाजी फक्त फाइली घेत होते. म्हणजे देवळाचे फोटो त्यांच्याकडं होते, त्या फोटोंखाली लिहिलेलं एक अक्षरही नव्हतं.

भाची: गिटलॅब नावाची कंपनी आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम तिच्याकडं ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या त्यांच्याकडं, आणि त्या वेळी एकही धड चालली नाही. कोणीतरी सहा तासांपूर्वी सहज काढून ठेवलेली प्रत सापडली म्हणून वाचले. मधल्या सहा तासांचं काम गेलंच. आता ती इतकी मोठी माणसं. तुमच्या बटणाचं काय सांगता?

मामाजी: मग करायचं काय?

भाची: फाइली आणि डेटाबेस दोन्ही उतरवायचं. माझ्या लॅपटॉपवर नवी कोरी साइट उभी करायची, त्यात हे भरायचं आणि पान उघडून वाचायचं. उघडलं तर प्रत आहे. नाही उघडलं तर नुसती फाइल आहे.

हा मुद्दा तिनं जिंकला आणि मला त्याचा आनंद झाला. बॅकअप आहे असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात. तो उघडून पाहिला आहे असं सांगणारं क्वचित कोणी भेटतं.

त्यानंतर दुसरी अडचण निघाली, आणि छोट्या मराठी साइट बहुतेक वेळा इथंच अडकतात. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, नोंदवलेलं होतं ते साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. काम करता करता त्यानं स्वतःचाच ईमेल टाकला होता. मामाजी समजत होते की होस्टिंगचे पैसे भरतो म्हणजे नावही आपलंच.

भाची: तीन गोष्टी वेगळ्या धरा. डोमेन नाव रजिस्ट्रारकडं असतं. ते नाव कोणत्या सर्व्हरवर जातं याची नोंद डीएनएसमध्ये असते. आणि साइट प्रत्यक्ष राहते ती होस्टिंगवर. आपल्याला फक्त तिसरी बदलायची आहे, पण पहिली तुमच्या नावावर नसेल तर कोणतीच तुमच्या हातात नाही.

मामाजी: थांब. म्हणजे फोन नंबर, डिरेक्टरी आणि एक्स्चेंज. एक्स्चेंज बदलायचं, नंबर तोच ठेवायचा. मग असं सांग ना सरळ!

या एका वाक्यानंतर चर्चेचा तोल फिरला. भाची सांगत होती आणि मामाजी ऐकत होते, ते आता उलटं झालं. ऐंशीच्या दशकात सी-डॉटची स्थापना झाली, देशी बनावटीची १२८ लाइनची ग्रामीण इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज निघाली आणि विदर्भातही ठिकठिकाणी जुनी यंत्रं काढून ती बसू लागली. एक्स्चेंज बदलण्याच्या त्या कामाला खात्यात कटओव्हर म्हणत. मामाजींनी असे कटओव्हर स्वतःच्या हातानं केलेले आहेत.

मामाजी: आमच्याकडं जुनं बंद करून नवं कधीच चालू करत नसत. नवं आधी उभं करायचं, जुनं चालूच ठेवायचं. फ्रेमवर दोन्हीकडच्या तारा जोडून ठेवायच्या, नव्याच्या बाजूला अडसर घालायचा. आतल्या आत फोन लावून तपासायचं. ठरलेल्या वेळी अडसर ओढायचे आणि जुन्याचे फ्यूज काढायचे. ज्यांचे नंबर बदलले त्यांच्या जुन्या नंबरावर सूचना वाजायची, हा क्रमांक बदलला आहे, नवा अमुक. कितीतरी महिने वाजायची ती. बरं, तुमच्याकडं यातलं काय काय आहे?

भाची: सगळं आहे, मामाजी. सगळंच्या सगळं.

मग ती एकेक सांगत गेली. नव्या सर्व्हरवर साइट आधी उभी करायची. जगाला ती दिसत नाही. आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत एक ओळ घातली की फक्त आपल्यालाच त्या नावावर नवा सर्व्हर उघडतो आणि निवांत तपासता येतं. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीसोबत एक मुदत लिहिलेली असते. तितके सेकंद जगभरचे संगणक जुनं उत्तर लक्षात ठेवतात. पुष्कळदा ही मुदत ८६,४०० सेकंद असते, म्हणजे पूर्ण एक दिवस. बदल करायच्या आधी ती ३०० वर आणली की बदल झाल्यावर पाच-दहा मिनिटांत बहुतेक वाचक नव्या सर्व्हरवर येतात.

मामाजी: पण ती मुदत कमी केल्याची बातमी पसरायलाही जुना एक दिवस लागणारच ना? ज्यानं आत्ताच विचारलं त्याला जुनंच उत्तर मिळालं आहे, चोवीस तासांचं.

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. ही खोच पगारी माणसांच्याही हातून सुटते. मुदत कमी करायची ती बदलाच्या किमान एक दिवस आधी. त्याच रात्री कमी करून उपयोग नाही.

भाची: बरोबर. आणि आपल्याला नेमसर्व्हरही, म्हणजे डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हरही, बदलावे लागणार, कारण डीएनएस सध्या जुन्याच कंपनीकडं आहे. त्याला दोन दिवस धरा. म्हणून आधी फक्त नेमसर्व्हर बदलू, पण नव्या नोंदींत पत्ता जुन्याच सर्व्हरचा लिहू. वाचकाला काही कळणार नाही. ते स्थिर झालं की मग खरा पत्ता फिरवू. आणि ईमेलची नोंद विसरायची नाही. साइट बदलताना लोकांची टपाल बंद पडते ती इथं. साइट छान उघडत असते आणि चार दिवसांनी लक्षात येतं की एकही ईमेल आलेला नाही.

मामाजी: आणि प्रत घेतल्यापासून फिरवेपर्यंत जुन्या साइटवर नवं काही लिहायचं नाही. नाहीतर ते तिकडंच राहील.

भाची: आता तुम्हीच करा हे काम. मी चहा घेते.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की काम संपत आलं. पण खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, आणि तो मराठीचा होता. भाचीनं डेटाबेस नव्या सर्व्हरवर भरला, देवळाचं पान उघडलं, आणि फोटोंच्या खाली मजकूर नव्हता. होती ती चित्रविचित्र चिन्हांची रांग. मी ती जवळून पाहिली. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढं चार टोकं फुटलेलं वर्तुळ, त्यापुढं गोलातला आर. पुन्हा तोच ए, तेच वर्तुळ, पुढं दुसरंच काही. पानभर असंच. मामाजींचा चेहरा उतरला.

भाची: घाबरू नका. काही गेलेलं नाही. युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत आपल्या एका अक्षराला तीन बाइट लागतात. इंग्रजीला एक पुरतो. डेटाबेस काढताना मी अक्षरसंच नीट सांगितला नाही, म्हणून नव्या सर्व्हरला वाटलं, ही प्रत्येकी एक बाइटाची तीन युरोपीय अक्षरं आहेत. हा तिरप्या रेघेचा ए, ते वर्तुळ आणि तो आर मिळून तुमचा एक म आहे.

मामाजी: एका म चे तीन तुकडे?

भाची: हो. आणि तसंच सेव्ह करत बसलो असतो तर पुढं जोडताही आले नसते. जुनी प्रत हात न लावता ठेवली आहे म्हणून पुन्हा काढता येईल.

तिनं अक्षरसंच सांगून डेटाबेस पुन्हा काढला, पुन्हा भरला, आणि चिंतामणी दिसला. इंग्रजी साइट हलवणाऱ्याला हा अनुभव सहसा येत नाही. तिथं चूक झाली तरी अवतरणचिन्हं बिघडतात, मजकूर वाचता येतो. आपल्याकडं चूक झाली की सगळंच जातं. मराठी साइट हलवणाऱ्यानं पहिलं पान तपासताना रंग-रूप पाहण्याआधी जोडाक्षरं पाहावीत, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

त्यातही काही पानं सरळ झालीच नाहीत. ती मामाजींची सगळ्यात जुनी पानं होती, युनिकोड घराघरांत पोचायच्या आधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. त्या काळात बहुतेक मराठी वृत्तपत्रांच्या साइटही आपापल्या फॉन्टवरच चालत. संगणकात तो फॉन्ट असला तरच मराठी दिसायचं. आत साठवलेली असायची ती रोमन अक्षरं, मराठी रूप फक्त फॉन्टच्या चित्रात.

भाची: ही पानं मात्र जशीच्या तशी नेऊन काही अर्थ नाही. आज मोबाइलवर कोणालाच ती वाचता येत नाहीत. गूगललाही नाही. तुम्ही म्हणता सगळं न्यायचं, पण ही पानं न्यायची म्हणजे वाचता न येणारी अक्षरं न्यायची. मी पहिल्यापासून म्हणत होते ना, निवडून घ्या.

मामाजी: मग ती फेकायची?

भाची: फेकायची कशाला? युनिकोडमध्ये बदलायची. त्याची साधनं आहेत. पण ती रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकवतात. कोणीतरी एकेक ओळ वाचून दुरुस्त करायला हवी.

मामाजी: मी करतो. मला दुसरं काय काम आहे?

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. सर्व्हर कुठलाही असो, बदलता येतो. वाचता न येणारी पानं वाचता येण्याजोगी करायला ते लिहिणारा माणूस हयात असावा लागतो. मामाजींना आठवतं की अमुक शब्द काय होता. वीस वर्षांनी हे कोण सांगणार?

खरं भांडण शेवटी झालं, पत्त्यांवरून. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस पानाचा पत्ता बनवतं तेव्हा आत एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात, टक्क्याच्या खुणेसकट. साठवायची मर्यादा २०० चिन्हांची. म्हणजे बाविसाव्या अक्षराच्या आसपास पत्ता तुटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांची फूटभर रांग दिसते.

भाची: हे मला नकोच आहे. नव्या साइटवर छोटे, सुटसुटीत पत्ते देऊ. देऊळ, रेल्वे, कुंड. माणसाला फोनवर सांगता आले पाहिजेत.

मामाजी: आणि जुने?

भाची: जातील. चार-सहा महिन्यांत गूगल नवे शिकून घेतं.

मामाजी: नाही. हे मी होऊ देणार नाही. तुला माहीत नाही आपल्या गावाची अडचण. कळंब टाकलं की धाराशिव जिल्ह्यातलं कळंब येतं. पुणे जिल्ह्यात आंबेगावला एक कळंब आहे, इंदापूरला एक आहे. माझी पानं वर येतात ती का? इतक्या वर्षांत लोकांनी त्यांचे दुवे ठिकठिकाणी दिले आहेत म्हणून. ते दुवे मेले की यवतमाळचं कळंब खाली गेलं. चतुर्थीला निघालेला माणूस भलत्याच जिल्ह्याचा नकाशा पाहत बसेल. आणि गावाच्या स्मरणिकेत छापलेले पत्ते कोण बदलणार? छापलेला कागद गूगल नाही, बाप्पा, की चार महिन्यांत नवं शिकेल.

भाची: पण म्हणून आयुष्यभर तीच टक्क्यांची रांग?

मामाजी: आत्ता मी तुला काय सांगितलं? जुन्या नंबरावर सूचना वाजायची. तुमच्याकडं तसं काही नाही?

आहे. त्याला ३०१ म्हणतात. जुना पत्ता मागितला की सर्व्हर सांगतो, हे पान कायमचं अमुक ठिकाणी गेलं आहे, आणि ब्राउझर वाचकाला न विचारता तिथं नेतो. शोधयंत्रंही जुन्या पत्त्याचं वजन नव्याच्या पदरात टाकतात. त्यासाठी जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी काढून प्रत्येकासमोर नवा पत्ता लिहावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, म्हणून लोक टाळतात आणि सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडं वळवून मोकळे होतात. कुंडाबद्दल वाचायला आलेला माणूस मुखपृष्ठावर येऊन पडतो आणि परत जातो.

वेबचा जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एक टिपण लिहून सांगितलं होतं की पत्ते आपोआप बदलत नसतात, माणसं ते बदलतात, आणि चांगल्या पत्त्यानं बदलू नये. मराठीत याचं एक उदाहरण मला जवळचं वाटतं. मायबोली ही साइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली. पुढं तिची यंत्रणा पार बदलली. पण तिथल्या जुन्या 'हितगुज'ची पानं फेकली गेली नाहीत, वेगळी जपून ठेवली गेली. त्यामुळं इंटरनेटवरच्या मराठीची पहिली वर्षं आज अभ्यासाला उपलब्ध आहेत. अशा बाकीच्या किती साइट त्या काळात निघाल्या आणि मालकाला बिल भरायचा कंटाळा आला म्हणून नाहीशा झाल्या, त्यांची नावंही आता आठवत नाहीत.

भाची: ठीक आहे. छोटे पत्ते माझे, यादी तुमची. एकही जुना पत्ता सुटला तर दोष तुमचा.

मामाजी: मंजूर. पण तू आधी म्हणालीस ना, न वाचली जाणारी पानं बांधून ठेवू? ती पण येतील. सगळी.

भाची: मला ते अजूनही पटलेलं नाही. प्रत्येक जुनं पान म्हणजे पुढं सांभाळायची एक गोष्ट. जुने प्लगिन, जुने फॉर्म, हॅकरला शिरायच्या जागा. तुमची साइट ज्या पीएचपी ७.४ वर चालते आहे, तिची सुरक्षा दुरुस्ती २०२२ च्या नोव्हेंबरमध्येच थांबली. मजकूर सगळा न्या, ते मी मानलं. पण यंत्रं सगळी नेऊ देणार नाही.

यात तिची बाजू खरी आहे असं मला वाटतं, आणि मामाजींनी ती पूर्ण मानली नाही याचं वाईट वाटतं. अभ्यागतांची संख्या दाखवणारा जुना काउंटर, बंद पडलेलं मतदान, कोणी वापरत नाही तो फोटोंचा सरकता पट्टा, हे गावाचं संचित नव्हे. त्यांनी काउंटर मात्र ठेवून घेतला.

पत्ता बदलण्याची रात्र मधल्या वाराची निवडली. चतुर्थी नको, गणेशोत्सव नको, शुक्रवारची रात्रही नको, कारण शनिवारी काही बिघडलं तर कंपनीत फोन उचलायला कोणी नसतं. नवा सर्व्हर मुंबईतला घेतला होता. जुना अमेरिकेत होता, आणि तिथं जाऊन परत यायलाच सिग्नलला सुमारे पाव सेकंद लागतो. एका पानाला अशा फेऱ्या अनेक होतात. त्या रात्री सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि नीट तयारी असली की असंच व्हावं. मामाजींनी मोबाइलवर पान उघडलं, जोडाक्षरं पाहिली, स्वतःलाच एक ईमेल पाठवून तो आल्याची खात्री केली. मग छापील स्मरणिका काढून तिच्यातला एक लांबलचक पत्ता अक्षर-अक्षर टाइप केला. कुंडाचं पान उघडलं.

मतभेद बाकी आहेत, पण पत्त्याच्या बाबतीत माझा कौल मामाजींना. वाचकानं जपून ठेवलेला पत्ता मोडायचा अधिकार होस्टिंग बदलणाऱ्याला नाही. जुन्या कंपनीचं खातं अजून बंद केलेलं नाही. मुदत संपेपर्यंत ते तसंच राहणार आहे, कारण एखादी फाइल राहिली असेल तर ती तिथंच सापडेल. डोमेन आता मामाजींच्या नावावर आणि त्यांच्या स्वतःच्या ईमेलवर आहे. साइट बनवणाऱ्या त्या मुलानं डोमेन हस्तांतरासाठी लागणारा कोड लगेच दिला.

कोणत्याही गावाची, संस्थेची, वाचनालयाची, दिवाळी अंकाची मराठी साइट ज्यांच्या हाती आहे त्यांना माझी विनंती आहे. हलवायची असो वा नसो, डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे ते आजच पाहा, आणि फाइली व डेटाबेस दोन्ही उतरवून दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून वाचा.